आधी भिंतीतला पॉइंट बघा, मग ग्राफिक कार्ड: वर्षानुवर्षं टिकणारा गेमिंग-ग्राफिक्सचा पीसी कसा जुळवायचा

माझ्या मावसभावाला व्हीएफएक्सच्या कोर्सला ॲडमिशन मिळाली आणि त्याच रात्री फोन, ताई, दीड लाखात सगळ्यात भारी ग्राफिक कार्ड कुठलं बसेल? मी म्हटलं, बाबा रे, आधी सांग तुझ्या घरातल्या थ्री-पिनला अर्थिंग आहे का. तो हसला. मला हसू येत नाही कारण मी भोगलंय.

२०१७ ला मी पहिला पीसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून घेतला. आय५ ७४००, जीटीएक्स १०६० चं सहा जीबीवालं कार्ड, आणि शेवटी पैसे कमी पडले म्हणून कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीच्या पार्टांना पुरवणारा डबा), वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलेलं. चार वर्षं गुण्यागोविंदाने चालला. २०२१ च्या जुलैत रात्री दीडला, बाहेर धो धो पाऊस, मी रेंडर (सीनचं पक्कं चित्र पीसीकडून काढून घेणं) लावून चहा टाकायला उठले आणि मागून फट्ट. सुकट करपल्यासारखा वास आणि सगळं काळोखात. एसएमपीएस गेला तो गेला, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क पण घेऊन गेला. ग्राफिक कार्ड वाचलं हे नशीब. पण तोवर त्या सॉकेटचे, म्हणजे माझा प्रोसेसर ज्यात बसेल असे, नवे बोर्ड बाजारातून गायब, तीन दिवस दुकानं पालथी घातली तेव्हा एका पोटमाळ्यावर सेकंडहँड बोर्ड मिळाला आणि तोही मी नवा घेतला होता त्याच्यापेक्षा महाग.

म्हणजे पीसी दोन प्रकारे संपतो. एक तर कामाला पुरेनासा होतो, तेव्हा मध्ये एकदा ग्राफिक कार्ड बदललं की परत तरतो. नाहीतर जळतो, गंजतो, किंवा त्याचा एक पार्ट मिळत नाही म्हणून अख्खा डबा भंगारात जातो. माझ्या ओळखीतले बहुतेक पीसी दुसऱ्या प्रकारे गेलेत. खालचं सगळं त्या दुसऱ्या प्रकारापासून वाचायचं कसं यावर आहे, वेगाचे आकडे तुम्हाला कुठेही मिळतील.

पहिलं काम: काय करणार ते कागदावर लिहा

"गेमिंग आणि ग्राफिक्स" असं मोघम सांगू नका, दुकानदाराला तर अजिबात नको, तो तुम्हाला हवं ते नाही, त्याच्याकडे पडून आहे ते देईल. फोटोशॉप-इलस्ट्रेटर असेल तर एकेका कोअरचा वेग आणि रॅम लागते, ग्राफिक कार्ड मध्यम चालतं. आफ्टर इफेक्ट्स रॅम खातं, प्रिव्ह्यू सगळा रॅममध्येच साठवतं, कितीही द्या कमीच. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर (त्याच्या रेंडर इंजिनवर) रेंडर करणार असाल तर ग्राफिक कार्डाची मेमरी हाच तुमचा जीव, सीन त्यात मावला तर भुर्रकन, नाही मावला तर रडतखडत किंवा सरळ एरर. व्हिडिओ एडिटिंगला कॅमेऱ्याचा फॉरमॅट बघा, १० बिट ४:२:२ वालं फुटेज असेल तर ते उलगडायला इंटेलच्या प्रोसेसरमधला क्विक सिंक हा व्हिडिओसाठीचा भाग कामाला येतो, आता आरटीएक्स ५० सिरीजची कार्डंही ते करतात. गेमिंगला स्क्रीन किती पिक्सेलची आणि किती फ्रेम हव्यात ते ठरवा.

स्क्रीन आधी ठरली की बाकीचं आपोआप ठरतं. १४४० पिक्सेलच्या २७ इंची स्क्रीनला जे कार्ड पाच-सहा वर्षं पुरेल ते त्याहून जास्त पिक्सेलच्या फोर-के स्क्रीनला तीन वर्षांत दम टाकेल. मी फोर-केच्या नादाला लागले नाही आणि पस्तावले नाही.

दुसरं काम: भिंतीतला पॉइंट

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. जुन्या चाळीत, जुन्या बिल्डिंगमध्ये थ्री-पिनचं सॉकेट असतं पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नसते. लक्षात कसं येतं, तर अनवाणी ओल्या फरशीवर उभं राहून चुकून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. आमच्याकडे आईला आल्या होत्या, झाडू मारताना, आणि तिने पुढे आठवडाभर "त्या डब्याला" हात लावला नाही. कारण असं की एसएमपीएसच्या आत एक फिल्टर असतो, तो नको ती वीज अर्थमध्ये सोडतो, आणि अर्थ नसला की कॅबिनेटच्या पत्र्यावर मेनच्या निम्मा म्हणजे ११० ते ११५ व्होल्ट येऊन बसतो. करंट किरकोळ असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत खरोखर काही शॉर्ट झालं तर तो करंट जायला तुमच्याशिवाय दुसरी वाट नसते.

वायरमनला बोलवा आणि त्याच्यासमोर मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर जरा जास्त. फेज-अर्थला भलताच आकडा आला तर अर्थ नाही. आणि एक लक्षात ठेवा, काही महाभाग सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून "हो गया साहब" म्हणून निघून जातात. असं करू द्यायचं नाही म्हणजे नाहीच. न्यूट्रल कुठे तुटली तर अख्खं कॅबिनेट फेजवर येतं. मेन बोर्डापासून नवी हिरवी वायर ओढायला लागली तरी ओढा, एका चांगल्या पंख्याच्या पैशात होतं ते.

तिसरं: एसएमपीएस आणि यूपीएस

अख्ख्या पीसीत जर एका गोष्टीवर घासाघीस करायची नसेल तर ती ही. मागच्या पीसीतून पुढच्या पीसीत जाऊ शकेल असा हा पार्ट आहे, चांगला असेल तर.

हिशोब सोपा आहे. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझन (एएमडीचा प्रोसेसर) खरं तर ८८ वॅटपर्यंत ओढतो. आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॅट. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून ५०-६० धरा. झाले सव्वातीनशे. याला ६५० वॅटचा एसएमपीएस घ्यायचा, म्हणजे तो निम्म्या लोडवर चालतो, थंड राहतो, पंखा हळू फिरतो. पुढे कधी ५०७० टीआयसारखं ३०० वॅटचं कार्ड टाकायचं डोक्यात असेल तर आत्ताच ७५० चा घ्या.

८० प्लस गोल्ड हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. आतला माल कसा आहे ते सांगत नाही. टिकाऊपणा बघायचा असेल तर वॉरंटी बघा, चांगल्या एसएमपीएसला ७ ते १० वर्षं मिळते, आणि जो स्वतःच्या मालाला दोन-तीन वर्षंच देतो त्याला त्याचा माल माहीत असतो. कपॅसिटर १०५ डिग्रीवाले आहेत का, एटीएक्स ३.० किंवा ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक) आहे का, केबल सुट्या होतात का, एवढं बघितलं की पुरे. दुसऱ्या एसएमपीएसची केबल मात्र याला लावू नका, टोक सारखं दिसलं तरी आतल्या पिना वेगळ्या असतात आणि एका सेकंदात एसएसडी जाते.

यूपीएसचं तुम्ही म्हणाल की मुंबईत लाईट कुठे जाते. जात नाही फारशी, खरंय. पण पावसाळ्यात एक सेकंदाची झपकी येते ना, ट्यूब लुकलुकते तेवढी, त्यात सेव्ह न केलेलं काम जातं आणि कधी कधी एसएसडीवरची फाइल बिघडते. यूपीएसवर लिहिलेलं व्हीए म्हणजे वॅट नव्हे. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, वरच्या हिशोबात मॉनिटर धरला की तो संपलाच. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की वीज सरळ लाटेसारखी न देता पायऱ्या-पायऱ्यांची देतो आणि काही एसएमपीएसना ती पचत नाही, पीसी तिथेच बंद पडतो. म्हणून घरी आणल्या आणल्या गेम चालू करून यूपीएसचं बटण भिंतीवर बंद करून बघायचं, परत करायची मुदत आहे तोवरच. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची असते.

चौथं: बोर्ड आणि प्रोसेसर एकत्रच ठरवा

इथे माझी आणि माझ्या मित्राची गोष्ट. दोघांनी २०१७ लाच पीसी घेतले. माझा सातव्या पिढीचा इंटेल, त्याचा पहिल्या पिढीचा रायझन, बी३५० बोर्डावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलची आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच, दिसायला तेच, पण माझ्या बोर्डावर चालत नाही. वर्ष व्हायच्या आत रस्ता बंद. मित्राचं काय, तर एएम४ सॉकेटला एएमडीने प्रोसेसर देणं चालूच ठेवलं, २०२२ ला ५८०० एक्सथ्रीडी आला आणि त्याने जुन्या बोर्डाचा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून तो बसवला. तोच बोर्ड, तीच रॅम. आणि वर विंडोज ११ च्या यादीतून माझी सातवी पिढी बाहेर, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तो मात्र मजेत.

म्हणून आज मी एएमडीचं त्यापुढचं सॉकेट, एएम५, सांगते. २०२२ ला आलं, आणि एएमडीने २०२७ आणि पुढेपर्यंत सपोर्ट देऊ असं म्हटलंय. आज ६ कोअरचा रायझन ५ ७६०० टाका, चार वर्षांनी शेवटच्या पिढीतला तगडा ८ किंवा १६ कोअरचा टाका, बोर्डाला हात लावायला नको. नुसतं गेमिंग असेल आणि बजेट असेल तर ७८०० एक्सथ्रीडी किंवा ९८०० एक्सथ्रीडी. रेंडर प्रोसेसरवर करणार असाल तर जास्त कोअर. इंटेल वाईट नाही, एडिटिंगवाल्यांना क्विक सिंकसाठी घ्यावासा वाटेल आणि ते बरोबरच आहे, फक्त जुन्या स्टॉकमधला तेरावी-चौदावी पिढी घेताना बायोस नवा आहे ना बघा. त्यांच्या वरच्या मॉडेलांत व्होल्टेजच्या घोळाने प्रोसेसर हळूहळू खराब व्हायचे, इंटेलने २०२४ ला मायक्रोकोडने (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या अपडेटने) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

प्रोसेसरच्या नावात शेवटी "एफ" असेल तर आत ग्राफिक्स नाही. हजार-दोन हजार वाचतात, मान्य. पण उद्या ग्राफिक कार्ड वॉरंटीला गेलं आणि महिनाभर आलं नाही तर एफवाल्याचा स्क्रीन काळा, आणि तुमचा निदान मेल आणि फोटोशॉप तरी चालतं. टिकाऊपणा टिकाऊपणा म्हणतो तो यालाच.

बोर्ड बी६५० किंवा बी८५० पुरे. बघायचं काय: प्रोसेसरच्या बाजूच्या वीज देणाऱ्या भागावर धातूचे जाड ठोकळे आहेत का, एसएसडी बसवायचे एम.२ चे किमान दोन स्लॉट, आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण. हे बटण फार मोलाचं, प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट होतो, म्हणजे चार वर्षांनी नवा प्रोसेसर आणला आणि बोर्ड त्याला ओळखत नाही म्हणून दुकानाची पायरी चढायला नको. रंगीत लाईटचे पैसे देऊ नका. बरं, द्यायचेच असतील तर द्या, मीही दिलेत.

रॅम

डीडीआर५, ६००० वेगाची, सीएल३० (सीएलचा आकडा जितका कमी तितकं बरं). दोनच पट्ट्या. "आत्ता दोन घेतो, पुढे अजून दोन टाकू" हे डीडीआर४ पर्यंत ठीक होतं, एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की वेग चांगलाच खाली येतो, कधी कधी सुरूच होत नाही नीट. त्यामुळे गेमिंग आणि फोटोशॉपला १६-१६ च्या दोन, आफ्टर इफेक्ट्स-ब्लेंडरला सरळ ३२-३२ च्या दोन. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव वेड्यासारखे चढले, एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचलला, त्यामुळे हा सल्ला खिशाला लागतो हे मला माहितीय. तरी ८-८ च्या दोन घेऊन पुढे फेकून देण्यापेक्षा १६ ची एकच घ्या आणि भाव उतरले की अगदी तेच मॉडेल शोधून जोडी लावा. तोवर जरा हळू चालेल, चालेल.

ग्राफिक कार्ड, म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही आलात

शंभर रुपयांतले ३५ ते ४० इथे जाऊ द्या, जास्त नको, कारण हाच पार्ट तुम्ही मध्ये एकदा बदलणार आहात.

टिकाऊपणासाठी वेगाआधी मेमरी बघायची. जीटीएक्स १०६० तीन जीबीत पण मिळायचं आणि सहात पण. ऑफिसातल्या एकाने तीनवालं घेतलं, माझ्यापेक्षा स्वस्तात, आणि पहिलं वर्ष दोघांना सारखंच वाटायचं. मग गेमचे टेक्स्चर मोठे झाले, त्याचं अडखळायला लागलं, माझं अजून पाच वर्षं चाललं. आज तोच प्रकार आठ आणि सोळाचा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय दोन्हीत येतं, आरएक्स ९०६० एक्सटी पण दोन्हीत येतं, नाव तेच, खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात ८ की १६ लिहिलेलं. दुकानात "टीआय चाहिए ना? येही है" म्हणून आठवालं हातात देतात. खोकं उलटून वाचा.

ब्लेंडर, व्हीएफएक्स, एआयची टूल्स हे काम असेल तर एनव्हिडिया घ्या, क्युडा आणि ऑप्टिक्स या तिच्या स्वतःच्या तंत्रांवर अर्धी सॉफ्टवेअर उभी आहेत, एएमडीवर चालतं पण कुठे ना कुठे अडतं. नव्वद टक्के गेमिंगच असेल तर एएमडी तेवढ्याच पैशात जास्त देतं, ९०७० एक्सटी सोळा जीबीचं आहे आणि दणकट आहे. त्याच्या वरची दीड-दोन लाखांची कार्डं टिकाऊपणासाठी म्हणून घेऊ नका. तेवढ्यात आज एक मधलं आणि पाच वर्षांनी एक मधलं येतं, आणि पाच वर्षांनंतरचं मधलं बऱ्याचदा आजच्या मोठ्याच्या तोडीचं असतं.

मोठ्या कार्डांना जो नवा सोळा पिनांचा बारीक कनेक्टर येतो तो पूर्ण आत बसलाय ना हे टॉर्च मारून बघा, अर्धवट बसला की तापून वितळतो, ४०९० च्या वेळी याचा बराच बोभाटा झाला होता. कनेक्टरच्या अगदी तोंडाशी वायर वाकवू नका. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघून कॅबिनेटशी जुळवा आणि जड असेल तर खालून टेकू द्या.

एसएसडीबद्दल लोक उगाच घाबरतात की लिहून लिहून संपते. चांगल्या दोन टीबीच्या एसएसडीला कंपनी १,२०० टीबी लिहिण्याची हमी देते. रोज ५० जीबी लिहिलंत तरी पासष्ट वर्षं. संपणार नाही, पण एके दिवशी न सांगता जाऊ शकते, म्हणून बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक कॉपी घराबाहेर. जेन४ (चौथ्या पिढीची), टीएलसी प्रकारची घ्या, क्यूएलसी प्रकारची स्वस्त असते पण मोठ्या फाइली टाकताना मध्येच बसते. जेन५ चे पैसे गेमिंगमध्ये दिसत नाहीत आणि ती तापते.

कॅबिनेट आणि हवा

परदेशातल्या रिव्ह्यूत तापमान मोजतात ते २१-२५ डिग्रीच्या खोलीत. तुमची खोली मे महिन्यात ३३ ची, म्हणजे त्यांच्या प्रत्येक आकड्यात दहा मिळवा. तिथे ७५ वर चालणारा प्रोसेसर इथे ८५ ला. म्हणून समोर जाळी असलेलं कॅबिनेट, काचेचा दर्शनी भाग नको. समोरून दोन १४० चे पंखे हवा आत ओढणारे, मागून एक बाहेर टाकणारा, आत येणारी हवा जास्त ठेवली की फटीफटीतून धूळ शिरत नाही. निघणारे, धुता येणारे फिल्टर हवेतच. माझी खिडकी रेल्वे लाइनवर उघडते, पंधरा दिवसांत फिल्टरवर काजळीसारखा काळा थर, तो बोटाने पुसला तर बोट दोनदा साबणाने धुवावं लागतं. तो थर आत गेला असता ना.

मागच्या रिकाम्या पट्ट्यांच्या जागा उघड्या ठेवू नका. पाल जाते. हसू नका, आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच्या एसएमपीएसमध्ये गेली होती, पाल पण गेली आणि एसएमपीएस पण.

कूलर हवेचा घ्या, दोन टॉवरवाला. पाण्याचा दिसतो छान पण पंप पाच-सहा वर्षांत कधीतरी जातोच, हवेच्या कूलरमध्ये फक्त पंखा जातो आणि तो कुठेही मिळतो. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट तीन-चार वर्षांनी बदला. आणि ५०० वॅट ओढणारा पीसी तेवढीच उष्णता खोलीत सोडतो, एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याचा सातवा हिस्सा नुसता पीसीसाठी. त्यामुळे एप्रिल-मेत आणि ऑक्टोबर हीटमध्ये मी कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवते आणि प्रोसेसर कमी वीज ओढणाऱ्या इको मोडवर. फ्रेममधला फरक मला तरी डोळ्यांनी दिसत नाही, पंख्याचा आवाज मात्र ऐकू येईनासा होतो आणि बिलातही जाणवतं.

मॉनिटर हा सगळ्यात जास्त वर्षं राहणारा पार्ट, तिथे कंजूषपणा करू नका. २७ इंच, १४४० पिक्सेल, आयपीएस पॅनल, एसआरजीबी रंग शंभर टक्के. ओएलईडी गेमला स्वर्ग आहे पण दिवसभर फोटोशॉपचे तेच ते पॅनल एका जागी उभे राहिले की छाप पडायची भीती, म्हणून कामाच्या पीसीला मी अजून घेतलेला नाही.

खरेदी

यादी पक्की झाली की ऑनलाइन भाव लिहून घ्या आणि मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, ग्रँट रोडला ईस्टला उतरून चालत. रविवारी बहुतेक शटर खाली, सकाळी अकराच्या आत जाऊन उपयोग नाही. तीन दुकानांतून त्याच यादीचा भाव घ्या, पूर्ण मॉडेल नंबरसकट. कारण व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर पेनाने जे लिहून मिळतं ते असं असतं: बी६५०, ३२ रॅम, १ टीबी, ६५० गोल्ड. यातल्या प्रत्येक शब्दात पाच-पाच हजारांचा फरक लपलेला. "मॅडम, सेम है, सिर्फ नाम अलग" असं म्हणाले की हसून पुढच्या दुकानात जायचं.

पक्कं जीएसटी बिल, प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर बिलावर. कच्च्या चिठ्ठीवर १८ टक्के वाचल्यासारखे वाटतात, वॉरंटीच्या वेळी ते व्याजासकट जातात. फ्रीलान्स करता आणि स्वतःचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर घाला, क्रेडिट मिळतं. प्रोसेसर सीलपॅक खोक्यातला घ्या, सुटा ट्रेवाला घेतला तर वॉरंटी दुकानदाराच्या मर्जीवर. त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर मुंबईत आहे का ते आधीच बघा. अमेरिकेतला मामा कार्ड आणतो म्हणाला तर त्याला चॉकलेट आणायला सांगा, वॉरंटी बऱ्याचदा तिथलीच असते.

महिन्याला एक असे पार्ट जमवू नका. मी जमवले होते, आणि बोर्ड चार महिन्यांनी पहिल्यांदा चालू केला तेव्हा रॅमचा एक स्लॉट मेलेला निघाला, दुकानातून बदलून मिळायची मुदत कधीच गेलेली. पैसे साठवा आणि पंधरा दिवसांत सगळं घ्या. पावसात आणू नका. कॅबिनेट मी लोकलच्या लगेजच्या डब्यातून आणलंय, मावशींच्या पाट्यांच्या मध्ये धरून, खोक्याला आठवडाभर बोंबलाचा वास येत होता, तुम्ही टॅक्सी करा. रिकामी खोकी माळ्यावर ठेवा, निदान वॉरंटी असेपर्यंत.

पहिल्यांदा चालू करताना

एएम५ वर पहिल्यांदा बटण दाबलं की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळा. दोन मिनिटं काळा. कधी पाच. इथे लोकांचा धीर सुटतो आणि ते बंद करून परत चालू करतात, परत तेच. तो रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला घेऊ द्या, चहा करून या. मग बायोसमध्ये जाऊन आधी बायोस नवा करा, २०२३ ला काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजने जळाले होते आणि ते बायोसनेच आवरलं, आणि मग एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर तुम्ही ६००० चे पैसे देऊन रॅम ४८०० वरच चालवत बसाल. असे बसलेले लोक मी बघितलेत, दोन-दोन वर्षं.

पहिल्या आठवड्यात पीसीला मुद्दाम राबवा. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर), मग दोन तास रेंडर, मग तुमचा सगळ्यात जड गेम, तापमानाचा आकडा लिहून ठेवा. जे मरायचंय ते आत्ताच मरू दे, बिल ताजं आहे तोवर.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग रॅमच्या सोनेरी दातांचं काय. खारी हवा आणि ओल मिळून संपर्काच्या जागा काळ्या-हिरव्या पडतात, पीसी चालू होत नाही, आणि दुरुस्तीवाला रॅम काढून खोडरबरने पुसून पाचशे रुपये घेतो. रोज अर्धा तास तरी पीसी चालवा, स्वतःच्या उबेनेच तो कोरडा राहतो. चादर टाकून झाकून ठेवू नका, ओल आतच कोंडते. जमिनीवर ठेवू नका, वीतभर तरी उंच. खिडकीपासून लांब, तिरका पाऊस कुठून येईल सांगता येत नाही.

आणि गणपतीला गावी जाताना नुसतं बटण बंद करून जाऊ नका, प्लग भिंतीतून उपटा, इंटरनेटची केबलही काढा, वीज कडाडली की ती तिकडूनही येते. परत आल्यावर दहा दिवस बंद असलेली खोली उघडा, पंखा लावा, पिशव्यांतले नारळ बाहेर काढा, जेवा, आणि मग तास-दोन तासांनी प्लग लावा.